गठ्ठ्याच्या पोटातली धग

आक्काला मालकीण व्हायची हौस कधीच नव्हती. तिला हौस होती ती चादरीची. इस्त्रीच्या रोलरमधून निघालेली पांढरी चादर दोघींनी दोन टोकांना धरून ताणली की टण्णकन आवाज होतो, तो आवाज ऐकला की तिला दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटे.

मोठ्या लाँड्रीत तिची सगळी तरुणपणाची वर्षं गेली. शहरातली हॉटेलं, दवाखाने, वसतिगृहं आपली घाण तिथे पाठवत आणि आक्काच्या टेबलावरून ती घड्या होऊन परत जाई. ती घड्यांच्या विभागाची मुख्य होती. सख्खी आक्का ती कुणाचीच नव्हती, पण लहानथोर सगळेच तिला आक्का म्हणत, आणि पोरींना काम शिकवावं तर तिनंच.

तिला एकच गोष्ट जमत नसे. हुकूम सोडणं. "बायांनो, जरा तेवढं घेता का गं," असं ती म्हणे, आणि बाया गप्पा संपल्या की घेत. नाहीच घेतलं तर आक्का स्वतः करून टाकी.

लाँड्रीच्या मालकाला बाया मागून बोका म्हणत. तो रबरी तळव्यांचे बूट घाली, त्यामुळे तो कधी येऊन पाठीशी उभा राहिला ते कळत नसे. कधी ओरडायचा नाही की शिवी द्यायचा नाही. नुसता उभा राहायचा. मान न वळवताही बायांना कळायचं, कारण समोरच्या बाईचा चेहरा बदलायचा. मग तो हळू आवाजात म्हणायचा, "मला कारणं नकोत, चादरी हव्यात." आणि निघून जायचा. त्यानंतर तासभर त्या दालनात फक्त मशिनं बोलायची.

एके दिवशी त्यानं आक्काच्या डोक्यावर एक नवा मॅनेजर आणून बसवला. कोवळा मुलगा, चादरीची उलटी-सुलटी बाजूही न कळणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. आक्का धीर करून बोक्याच्या खोलीत गेली, तर तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "आक्का, तुला काम येतं. माणसं चालवता येत नाहीत. तुझा कुणाला धाक आहे सांग बरं?"

तिला एकही नाव सांगता आलं नाही. महिनाअखेरीस तिनं नोकरी सोडली.

तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. घरात सगळे हवालदिल झालेले, तो एकटा खुशीत होता. "काढ तू लाँड्री," तो म्हणाला. "फार तर काय होईल? बुडाली तर चादरी पांघरून फिरू."

गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या छापखान्याची शेड मिळाली. फरशीवर जुन्या शाईचे डाग होते, कितीही घासले तरी न निघणारे. जुनी पण धडधाकट मशिनं आणली. मोठ्या लाँड्रीतून तिच्या मागोमाग थोडी माणसं आली. घड्या घालता घालता म्हातारी झालेली मावशी आली. ड्रायर सांभाळणारा ड्रायरवाला आला, अबोल आणि उंच. आणि रेडिओ आली. रेडिओ म्हणजे एक तरुण बाई, जिचं तोंड सकाळी कामावर पाऊल टाकल्यापासून संध्याकाळी चप्पल घालेपर्यंत बंद होत नसे. शेजारीण, सासू, भाजीवाला, कालचं स्वप्न, विषयाची अडचण तिला कधी पडली नाही.

पहिले काही महिने आक्कानं गाढवमेहनत केली. ड्रायरवाला उशिरा आला की ती स्वतः ड्रायर लावी. रेडिओच्या गोष्टीत चादर जमिनीला लागली की स्वतः पुन्हा धुवायला टाकी. एका हॉटेलचा माल दोनदा उशिरा गेला. तिसऱ्यांदा त्या हॉटेलची व्यवस्थापक बाई स्वतः गाडी घेऊन आली आणि भर गल्लीत आक्काला बोल बोल बोलली. आत टेबलाशी बाया खाली माना घालून उभ्या होत्या. त्यांतली एक हसली. वाईट मनानं नसेल, पण हसली, आणि आक्कानं ते पाहिलं.

त्याच आठवड्यात ती नव्यानं धंदा काढणाऱ्या बायकांच्या शिबिराला गेली. नेतृत्व आणि आत्मविश्वास, असा विषय होता. कॉलरला माइक लावलेली शिक्षिका मंचावरून सांगत होती, "तुम्ही अजून मनानं नोकरच आहात. आरशासमोर उभ्या राहा आणि म्हणा, मी निर्णय घेते. आवाज पोटातून काढा."

आक्का घरी आली, न्हाणीघरात शिरली, कडी लावली आणि पोटातून म्हणाली, "मी निर्णय घेते."

"कोण आहे आत?" बाहेरून नवरा ओरडला. "न्हाणीघर भाड्यानं दिलं की काय?"

दोघं खूप हसली. त्या घरात तसं हसू पुन्हा यायला बराच काळ जायचा होता.

आरशानं काही झालं नाही. जे झालं ते आपसूक झालं. धुण्याच्या बाजूची फरशी सतत ओली, चपला घसरत, म्हणून आक्कानं रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट घेतले होते. एका दुपारी ती टेम्पोत माल चढवून आत आली. रेडिओची पाठ होती आणि ती शेजारणीच्या भांडणाची नक्कल करत होती, हातातली चादर तशीच लोंबत होती. आक्का दमलेली होती. बोलायचं त्राण नव्हतं. म्हणून ती नुसती उभी राहिली.

समोरच्या बाईचा चेहरा बदलला. मग तिच्या शेजारणीचा. रेडिओ अर्ध्या शब्दात थांबली, वळली, आणि तिचे हात भराभर चालायला लागले. टेबलावर सामसूम झाली. इतकी, की रोलरच्या कडांशी वाफ सुटते तीही ऐकू आली.

आक्काला एक शब्दही खर्चावा लागला नव्हता.

त्या दिवशी माल वेळेआधी गेला. घरी जाताना तिच्या छातीत काहीतरी गोड, ऊबदार भरून आलं होतं. ती मनाशी म्हणाली, हाच तो आत्मविश्वास.

मग ती शिकत गेली. पाठीशी उभं राहायला शिकली. प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत राहायला शिकली, समोरचा नको ते कबूल करेपर्यंत. फोनवर हॉटेलवाले भाव पाडायला लागले की ती गप्प बसे, आणि ती शांतता त्यांना सोसत नसे. ड्रायरवाला एकदा उशिराचं कारण सांगायला लागला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मला कारणं नकोत." ते वाक्य कुठून आलं हे तिला ठाऊक होतं. पण वाक्य कामाचं होतं, आणि कामाची वस्तू कुणाच्या घरची आहे हे कोण बघतं?

पुढे तिनं आणखी एक नियम केला. "अडचण घेऊन माझ्याकडे यायचं नाही. सोडवून यायचं."

धंदा वाढला. नवं मशीन आलं, टेम्पो स्वतःचा झाला. नव्यानं लागलेली एक मुलगी तिला मॅडम म्हणाली. आक्कानं तिला सुधारलं नाही. बघता बघता सगळेच मॅडम म्हणायला लागले, मावशी सोडून.

तेव्हा मसाज सेंटरचं काम आलं. मोठं सेंटर होतं, दिवसाकाठी ढीगभर टॉवेल. तेलानं जड झालेले, गोडसर वासाचे. संध्याकाळी न्यायचे आणि सकाळी सेंटर उघडायच्या आत पोचवायचे. वेळ पुरेना. आक्का ड्रायरपाशी उभी राहिली आणि तिनं पाहिलं, की कपडा वाळल्यावरही मशीन शेवटी बराच वेळ नुसती थंड हवा फिरवत बसतं.

"ही शेवटची फेरी बंद करा," ती म्हणाली. "घड्या घालता घालता होतील की गार."

ड्रायरवाल्यानं मावशीकडे पाहिलं. मावशी पुढे आली.

"आक्का, गरम कपडा घडी घालून दाबू नये. त्यातून हे तेलाचे. यांचं तेल एका धुण्यात निघत नाही. गठ्ठ्याच्या पोटात धग धरते."

सगळं टेबल ऐकत होतं. आक्काला ते ऐकणं जाणवलं. आज मावशीचं ऐकलं तर उद्या प्रत्येक जण बोलेल, असं तिला वाटलं. ती थांबली, मावशीचे डोळे खाली जाईपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, "मावशी, तुम्ही घड्या घाला."

मावशीनं घड्या घातल्या. त्या महिन्यातच तिनं काम सोडलं. "गुडघे," एवढंच म्हणाली.

त्यानंतर कुणीच काही बोललं नाही. लाँड्रीत इतकी शिस्त आली, की येणारी गिऱ्हाइकं वाखाणत. रेडिओसुद्धा बोलेनाशी झाली. आधी तिचा आवाज बारीक झाला, मग कुजबुज उरली, मग तीही गेली. आता ती दिवसभर ओठ मिटून घड्या घाली. आक्काला वाटे, पोरगी सुधारली.

एका सकाळी शेडचं दार उघडताच तिला वास आला. दूध उतू जाऊन शेगडीवर करपावं तसा, पण त्याहून तेलकट.

"कसला वास हा?"

"काही नाही मॅडम."

"कुणी काही जाळलं?"

"नाही मॅडम."

पुन्हा आठवड्याभरानं तोच वास, तेच उत्तर. मागच्या खोलीच्या खिडक्या, जिथे टॉवेलचे बांधलेले गठ्ठे ठेवत, त्या थंडीतही उघड्या राहायला लागल्या. ती लावून टाकी, दुपारी पुन्हा उघड्या. कोण उघडतं ते तिला दिसलं नाही. एकदा ती खोलीच्या दारात आली तर ड्रायरवाला एका गठ्ठ्यावर तळहात टेकवून उभा होता, तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. तिला बघताच त्यानं हात मागे घेतला.

"काय झालं?"

"काही नाही मॅडम. धूळ होती."

आणि गाठी. शनिवारी रात्री सोमवारसाठीचे गठ्ठे ती स्वतः बांधी, दुहेरी गाठ मारून. सोमवारी सकाळी काही गठ्ठ्यांवर एकेरी गाठ असे. तिनं रेडिओला विचारलं. "सैल झाल्या होत्या मॅडम, पुन्हा मारल्या," रेडिओ जमिनीकडे बघत म्हणाली. टॉवेलही अधूनमधून एखाददुसरा कमी भरे, पण दुसऱ्या दिवशी तसाच एक कोरा टॉवेल ढिगात येऊन बसलेला असे. माणसं आपल्याला फसवताहेत, हे आक्काला आता कळलं होतं. कशात, ते कळत नव्हतं. तिनं आणखी बारीक नजर ठेवली. जितकी नजर बारीक, तितके चेहरे कोरे.

घरीही तेच चाललं होतं. सासूबाई एरवी चहात साखर कमी इथपासून पाठ दुखते इथपर्यंत दिवसभर तक्रारी सांगत. त्या गप्प झाल्या. आक्काला बरं वाटलं. एके दिवशी नवऱ्यानं सांगितलं, की आईला डाव्या डोळ्यानं दिसत नाही, बरेच दिवस झाले.

"मग मला सांगितलं का नाही?"

नवरा हातावरचे ग्रीसचे डाग पुसत होता. "तुला सांगायला लागलं की तू बघत राहतेस," तो म्हणाला. "मग माणूस म्हणतं, जाऊ दे."

आक्काला राग आला. सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं, पण राग गेला नाही.

पुढच्या रविवारी शिबिराच्या शिक्षिकेनं तिला बोलावलं होतं. ह्या वेळी ऐकायला नाही, बोलायला. नोकरी ते उद्योग, हा प्रवास नव्या बायकांना सांगायचा होता. रविवारी सकाळचा टेम्पो गेला की लाँड्री बंद असे. दुपारी आक्का चांगले कपडे पण पायांत तेच बूट घालून निघाली, अर्ध्या वाटेत चष्मा शेडमध्ये राहिल्याचं आठवलं, आणि ती गल्लीकडे वळली.

गल्ली ओस पडली होती. शेडच्या दाराला कुलूप नव्हतं.

ती थबकली. आतून आवाज येत होता, आणि तो रेडिओचा होता. पूर्वीसारखा, मोकळा, एकामागून एक. कुणीतरी खळखळून हसलंही. क्षणभर आक्काला बरंच वाटलं, कुणी जुनं माणूस परगावाहून परत आल्यासारखं.

मग शब्द कळायला लागले.

"हात घाल आत. अजून आत, कोपरापर्यंत. हा आहे का गरम?"

"ह्याला बरीच धग आहे."

"मग सोड हा. पसर सगळे. आणि गाठ नीट मारा गं ह्या वेळी, दुहेरी. बोकी सोमवारी गाठी बघते."

हसू आलं. बोकी म्हणजे कोण, हे समजायला आक्काला थोडा वेळ लागला.

ती आत गेली. बुटांचा आवाज झालाच नाही. मागच्या खोलीत चार बाया आणि ड्रायरवाला जमिनीवर बसले होते, गठ्ठे सोडून टॉवेल एकेक उलगडत होते. उघड्या खिडक्यांतून येणाऱ्या उजेडात टॉवेलांतून निघणारी वाफ दिसत होती. वाफेला तो वास होता. भिंतीशी पाण्याच्या बादल्या ओळीनं भरून ठेवलेल्या होत्या.

एकीनं वर पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. रेडिओ वाक्याच्या मधोमध गप्प झाली.

कुणी उठलं नाही. आक्का पुढे झाली, गुडघ्यावर बसली आणि समोरच्या न सोडलेल्या गठ्ठ्यात तिनं हात घातला. बाहेरचे टॉवेल गार होते. त्यांच्या आत कोमट. त्याच्या आत हात ठेववेना. तिनं हात ओढून घेतला, दोन्ही हातांनी गठ्ठा उकलला. मधले टॉवेल पिवळे पडले होते, त्यांच्या आतले तपकिरी, आणि अगदी पोटातला एक काळा होता. घडीच्या खुणेवर तो तिच्या बोटांत चुरला.

"असं कधीपासून होतंय?"

एकीनं शेजारचा टॉवेल उलगडायला घेतला.

"मी विचारतेय, कधीपासून?"

"थंड हवा बंद केली तेव्हापासून," ड्रायरवाला म्हणाला. त्याचा आवाज तिनं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. "दुसरं धुणंही होत नाही. तुम्ही दिलेल्या वेळात बसत नाही."

"आणि तुम्ही रोज..."

"पाळी लावलीय," रेडिओ म्हणाली. "रात्री तुम्ही गेल्यावर दोघी. रविवारी सगळे. जे जळालेले असतात ते आम्ही बदलून ठेवतो."

आक्काच्या पाठीमागे, तिच्या लाँड्रीच्या आत, दुसरी एक लाँड्री चालली होती. तिथे कामाच्या वाटण्या होत्या, पाळ्या होत्या, बादल्या भरलेल्या होत्या, हसणं होतं. तिचीच माणसं तिच्यापासून तिची लाँड्री वाचवत होती.

"मला का नाही सांगितलं?"

रेडिओनं तिच्याकडे सरळ पाहिलं. "अडचण घेऊन यायचं नाही ना, मॅडम."

आक्का काळ्या बोटांकडे बघत राहिली. मग ती ताडकन उठली. "सगळे उघडलेत ना? एकूण एक?"

"इथले सगळे," ड्रायरवाला म्हणाला, आणि थांबला. "सकाळच्या टेम्पोत एक गेला. भरताना तुम्ही उभ्या होतात. काढता आला नाही."

रविवारी सेंटर दुपारी बंद होई. आक्कानं तिथल्या बाईंना फोन लावला. कुणी उचलेना. ती पुन्हा लावत राहिली आणि लावता लावताच टेम्पोत चढली. ड्रायरवाल्यानं टेम्पो काढला, रेडिओ आणि दुसऱ्या बाया मागे ओल्या चादरी आणि बादल्या घेऊन बसल्या. वाटेत फोन वाजला, पण तो शिबिरातून होता. शिक्षिका विचारत होती, किती वेळ लागेल? आक्कानं न बोलताच तो बंद केला.

सेंटर एका चार मजली इमारतीच्या तळाशी होतं. वर माणसं राहत. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक लहान मूल गजाला धरून उभं होतं आणि खाली बघत होतं. शटर बंद होतं. शटरच्या फटीतून तोच वास येत होता, पण आता त्यात काहीतरी तिखट मिसळलं होतं.

सेंटरच्या बाईंचा शेवटी फोन लागला. त्या जवळच राहत, धावत किल्ली घेऊन आल्या. "काय झालंय? काय झालंय?" आक्का म्हणाली, "आमच्या टॉवेलांत आग आहे. वरच्या लोकांना खाली उतरवा." बाई तिच्याकडे बघतच राहिल्या, मग जिन्याकडे पळाल्या.

आतल्या बोळाच्या शेवटी सामानाची खोली होती. कपाटाच्या तळाशी गठ्ठा होता. बाहेरून पांढराशुभ्र. वरून एक धुराची बारीक रेघ निघत होती, संथ, सरळ. आक्का वाकली आणि तिनं गाठीला हात घातला.

"सोडू नका!" रेडिओ किंचाळली. "हात काढा तो! हवा लागली की भडकेल!"

तिच्यावर असं कुणी ओरडल्याला जमाना झाला होता. आक्काच्या घशाशी ती शांतता आली, ते थांबणं आलं. तिनं ते गिळलं.

"मग काय करू?" ती म्हणाली. "तू सांग. मी करते."

"ओली चादर द्या वरून. आणखी एक. खालून पण. आता तसाच उचलायचा, हलवायचा नाही."

ड्रायरवाला आणि आक्का दोघांनी गठ्ठा उचलला. बोळातून ते उलट्या पावलांनी चालले, रेडिओ पुढून वाट सांगत होती. ओल्या चादरीतून तिच्या हातांना धग लागत होती. शटर दिसायला लागलं तेव्हा गठ्ठ्याचा तळ सुटला. आतून जळून पोकळ झालेले टॉवेल फरशीवर पसरले, आणि नुसत्या धुराचा एका श्वासात जाळ झाला. तो बाजूच्या पडद्याला लागला. ड्रायरवाल्यानं पायानं गठ्ठा बाहेर लोटायला पाहिलं, मग हातांनी लोटला. बायांनी बादल्या ओतल्या. इमारतीचा रखवालदार आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आला आणि सगळा बोळ पांढऱ्या पावडरीनं भरून गेला.

ते निवलं तेव्हा एक भिंत काळी पडली होती, पडदा गेला होता, छताचं प्लॅस्टिक थेंबाथेंबानं गळत होतं. वरची माणसं रस्त्यावर उभी होती. ते मूल आता आईच्या कडेवर होतं. ड्रायरवाला पायरीवर बसला होता आणि हात पुढे धरून त्यांच्याकडे नवलानं बघत होता. त्याच्या हातांची कातडी बोटांपासून मनगटापर्यंत सोलली गेली होती.

सेंटरच्या बाई पुढे आल्या. "कुणाचा हलगर्जीपणा हा? नाव सांगा, मला नाव हवंय."

बाया आक्काकडे बघत होत्या. "माझा," आक्का म्हणाली. "थंड हवा मी बंद करायला लावली. ह्यांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

सेंटरचं काम गेलं. गोष्ट शहरभर झाली, आणि दोन हॉटेलांनीही चादरी काढून घेतल्या. ड्रायरवाला बरेच दिवस दवाखान्यात होता. आक्का रोज जाई. तो पूर्वीसारखाच कमी बोले, पण ती आली की भिंतीकडे कूस वळवत नसे, एवढंच. बरा झाल्यावर तो ड्रायरवर परतला. त्याची बोटं पुरती मिटत नाहीत. चार बायांतल्या दोघी परत आल्या नाहीत, आणि त्यांना तिनं अडवलं नाही.

ती मावशीकडेही गेली. मावशी पाय लांब करून बसली होती.

"मावशी, तुम्ही मला पुन्हा सांगायचं होतं."

"एकदा सांगितलं होतं."

"पण त्यांनी एवढे दिवस माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी नाही," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "शेड जळली असती तर त्यांची पोटं जळली असती. तू मध्ये येत नाहीस त्यात." मग तिनं गुडघ्यावर तेल चोळायला घेतलं आणि विषय संपला.

आता लाँड्री लहान झाली आहे. घड्यांच्या टेबलाचं काम रेडिओ बघते. कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं, ते आधी टेबलावर ठरतं आणि मग आक्का गिऱ्हाइकाला कळवते. थंड हवा पूर्ण फिरल्याशिवाय ड्रायर उघडत नाही. तेलाचं काम घेत नाहीत. तरी मागच्या खोलीत गेल्यावर आक्का प्रत्येक गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घालून बघते, दवाखान्याच्या साध्या उशांच्या अभ्र्यांतसुद्धा. आणि ती आत आली की बायांचं बोलणं अजूनही क्षणभर तुटतं. कुणी मुद्दाम करत नाही. अंगवळणी पडलेलं आहे.

परवा एक नवी बाई कामाला लागली. तिला आधीचं काही माहीत नाही. दुपारी तिनं चादरींची एक चळत उचलली, थेट आक्काच्या पुढ्यात आणून आपटली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्या सकाळी तुम्ही पास केल्या ना? सगळ्यांवर डाग आहेत. जवळचं दिसत नसेल तर दुसऱ्या कुणाला बघू देत जा."

टेबलावरचे हात थांबले. रेडिओनं मान वर केली. ड्रायरवाल्यानं ड्रायरच्या दाराच्या मुठीवरचा हात तसाच ठेवला.

आक्काच्या पोटातून ती धग वर आली, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. गेली नव्हती ती कुठेच. नव्या बाईला काहीच कळलं नाही, ती कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होती. आक्का तिच्याकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"कुठे आहेत डाग?" ती शेवटी म्हणाली. "दाखव."

बाईनं दाखवले. आक्कानं चादरी उचलल्या आणि धुण्याच्या मशिनाकडे चालायला लागली. पाठीमागे अजून कुणी बोलायला लागलं नव्हतं.